नायट्राइलपासून अमिडॉक्झिम: बनवताना, ओळखताना आणि औषधात वापरताना

अमिडॉक्झिमची रिॲक्शन कागदावर एका ओळीत मावते. नायट्राइलमध्ये (कार्बन-नायट्रोजन तिहेरी बंध असलेल्या संयुगात) हायड्रॉक्सिलअमाइन मिसळा, इथेनॉलमध्ये तापवा, झालं. फर्डिनांड टीमान यांनी १८८४ साली ही वाट दाखवली आणि आजही बहुतेक प्रयोगशाळा त्याच वाटेने जातात. पण फ्लास्कमध्ये तयार होतं ते दरवेळी निखळ अमिडॉक्झिमच असतं असं नाही. त्याच भांड्यात, त्याच नायट्राइलपासून अमाइडही बनतं. तेही पांढरं, तेही टीएलसीवर (पातळ थरावर मिश्रण वेगळं करून पाहण्याच्या चाचणीत) आसपासच, आणि पुढची पायरी फसेपर्यंत त्याचा पत्ता लागत नाही. म्हणून खाली कृतीइतकीच जागा ‘हातात नेमकं काय आलंय’ हे तपासण्याला दिली आहे.

आधी रचना. एका कार्बनला एकीकडे अमिनो गट आणि दुसरीकडे दुहेरी बंधाने नायट्रोजन, त्या नायट्रोजनवर हायड्रॉक्सिल. म्हणजे अमिडीन अधिक एक ऑक्सिजन. या एका ऑक्सिजनने रेणूचा स्वभाव पालटतो. प्रोटॉन घेतलेल्या बेन्झामिडीनचा पीकेए (ज्या पीएचला निम्मे रेणू प्रोटॉन सोडतात तो आकडा) साधारण ११.६ आहे, बेन्झामिडॉक्झिमचा ५ च्या आसपास. शरीरातल्या ७.४ पीएचला अमिडीन जवळपास पूर्णपणे धनभारित असतं आणि आतड्याच्या पडद्यापाशीच अडतं. अमिडॉक्झिम तिथे भाररहित असतं, त्यामुळे पार होऊ शकतं. औषधरसायनात या गटाला जे महत्त्व आलं त्याचं मूळ या साडेसहा एककांच्या फरकात आहे.

दुसरा उपयोग कड्या बांधण्याचा. ओझानिमॉड आणि अटालुरेन या औषधांमधली १,२,४-ऑक्साडायझोल कडी, अझिलसार्टनमधली ऑक्साडायझोलोन कडी आणि राल्टेग्राव्हिरमधली पिरिमिडिनोन कडी, या सगळ्या अमिडॉक्झिममधून गेलेल्या आहेत. शेवटच्या रेणूत अमिडॉक्झिम दिसत नाही, पण बांधकाम त्याच्यावरच उभं असतं.

हायड्रॉक्सिलअमाइन हाताळताना

हे वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. फेब्रुवारी १९९९ मध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्वेनियात आणि जून २००० मध्ये जपानच्या गुन्मा प्रांतात हायड्रॉक्सिलअमाइनच्या कारखान्यांत स्फोट झाले. पहिल्यात ५ आणि दुसऱ्यात ४ माणसं गेली. दोन्ही ठिकाणी ऊर्ध्वपातनाने जलीय द्रावण तीव्र करण्याचं काम चालू होतं. प्रयोगशाळेतल्या प्रमाणालाही हाच धडा लागू आहे: जास्तीचं हायड्रॉक्सिलअमाइन शिल्लक असलेलं मिश्रण रोटाव्हॅपवर (कमी दाबाखाली द्रावक उडवणाऱ्या यंत्रावर) कधीही कोरडं करायचं नाही.

लोखंड आणि तांब्याचे आयन त्याचं विघटन भडकवतात. गंजलेला स्टीलचा स्पॅच्युला बाजूला ठेवा, काच किंवा टेफ्लॉन वापरा. छोट्या प्रमाणावर ५० टक्के जलीय द्रावणापेक्षा हायड्रोक्लोराइड क्षार घेऊन त्याच भांड्यात बेसने मोकळा करणं जास्त सुरक्षित. क्षारही निरुपद्रवी नाही. त्वचेला ॲलर्जी आणतो, पोटात गेला तर रक्तात मेथहीमोग्लोबिन वाढवतो. हातमोजे, चष्मा आणि चालू फ्यूम हूड याला पर्याय नाही.

मूळ कृती, १० मिलिमोलवर

नमुन्यासाठी बेन्झोनायट्राइल घेऊ. लागेल ते असं: हायड्रॉक्सिलअमाइन हायड्रोक्लोराइड १.०४ ग्रॅम (१५ मिलिमोल), सोडियम बायकार्बोनेट १.२६ ग्रॅम (१५ मिलिमोल), पाणी ४ मिली, इथेनॉल १६ मिली आणि बेन्झोनायट्राइल १.०३ ग्रॅम (१० मिलिमोल).

५० मिलीच्या गोल बुडाच्या फ्लास्कमध्ये आधी क्षार पाण्यात विरघळवा. बायकार्बोनेट तीन-चार हप्त्यांत टाका. कार्बन डायऑक्साइडचा फेस येतो, प्रत्येक वेळी तो बसू द्या. मग इथेनॉल आणि शेवटी नायट्राइल. हा क्रम मुद्दाम आहे. बेस आणि हायड्रोक्लोराइड आधी एकमेकांना भिडले की मोकळं हायड्रॉक्सिलअमाइन नेमक्या मापात मिळतं आणि नायट्राइलला जास्तीच्या बेसची झळ लागत नाही. इथेनॉल टाकल्यावर थोडं मीठ खाली बसतं, त्याने काही बिघडत नाही.

कंडेन्सर लावा, वरचं तोंड बंद करू नका, ऑइल बाथ ८० अंशांवर ठेवा आणि ढवळत ४ ते ५ तास चालू द्या. पहिला टीएलसी दोन तासांनी, इथाइल ॲसिटेट आणि हेक्सेन समप्रमाणात घेऊन. प्लेट आधी यूव्हीखाली पाहा, मग मिथेनॉलमधल्या ५ टक्के फेरिक क्लोराइडच्या द्रावणात बुडवून काढा. अमिडॉक्झिमचा ठिपका लालसर तपकिरी उमटतो. अमाइड यूव्हीत काळं दिसतं पण फेरिक क्लोराइडला दाद देत नाही. दोन मिनिटांची ही चाचणी पुढचे दोन दिवस वाचवते. हायड्रॉक्झॅमिक ॲसिडही लाल-जांभळा रंग देतं, त्यामुळे रेणूत एस्टर असेल तर एकट्या रंगावर विसंबू नका.

नायट्राइल संपल्यावर थंड करा. इथेनॉल ४० अंशांखालच्या बाथवर बहुतांश काढा, पण पाणी राहू द्या. २० मिली पाणी घाला, इथाइल ॲसिटेटने २० मिलीचे तीन हात द्या, एकत्र केलेला थर मिठाच्या पाण्याने धुवा, सोडियम सल्फेटवर वाळवा, गाळा आणि मग द्रावक उडवा. उरलेलं हायड्रॉक्सिलअमाइन मुख्यतः पाण्याच्या थरात जातं. तो थर पातळ ठेवूनच टाकाऊ द्रावणाच्या बाटलीत न्या, बूच घट्ट लावू नका.

अमाइड दिसलं तर याच टप्प्यावर पीकेएचा फायदा घ्या. इथाइल ॲसिटेटचा थर थंडगार १ मोलर हायड्रोक्लोरिक ॲसिडने दोनदा हलवा. अमिडॉक्झिम प्रोटॉन घेऊन पाण्यात उतरतं, अमाइड वरच राहतं. आम्लाचा थर लगेच बायकार्बोनेटने पीएच ८ पर्यंत आणा आणि पुन्हा इथाइल ॲसिटेटने काढून घ्या. ‘लगेच’ हा शब्द महत्त्वाचा आहे. आम्लात रात्रभर ठेवलेलं अमिडॉक्झिम हळूहळू पाणी घेऊन फुटतं, म्हणजे अमाइड काढायला गेलात आणि नवं अमाइड करून बसलात असं होतं.

शुद्ध बेन्झामिडॉक्झिम पांढरं, वितळणबिंदू ७७ ते ८० अंश. पूर्ण उतारा १.३६ ग्रॅम धरला तर १.१ ते १.२ ग्रॅम हातात येणं समाधानकारक.

हातात आलंय ते काय

वस्तुमानाचं गणित तोंडपाठ करून टाका. नायट्राइलमध्ये ३३ मिळवले की अमिडॉक्झिम, १८ मिळवले की अमाइड. बेन्झोनायट्राइल १०३, म्हणून एलसीएमएसवर (घटक वेगळे करून त्यांचं वस्तुमान मोजणाऱ्या यंत्रावर, जिथे एक प्रोटॉन जोडला जाऊन आकडा एकने वाढतो) १३७ ला शिखर दिसलं तर अमिडॉक्झिम, १२२ ला दिसलं तर बेन्झामाइड.

ड्यूटरेटेड डीएमएसओमधला प्रोटॉन एनएमआर (रेणूतल्या हायड्रोजनांचे सिग्नल दाखवणारी चाचणी) यापेक्षा बोलका. ९.६ पीपीएमला ऑक्झिमच्या हायड्रॉक्सिलचा एक सुटा सिग्नल आणि ५.८ ला अमिनो गटाचा दोन प्रोटॉनचा रुंद सिग्नल ही अमिडॉक्झिमची जोडी. बेन्झामाइडचे दोन प्रोटॉन ८.० आणि ७.४ च्या जवळ वेगवेगळे दिसतात. ७.४ चा सिग्नल ॲरोमॅटिक गर्दीत लपतो, म्हणून ८.० वरच्या रुंद उंचवट्याकडे बघायची सवय लावा. कार्बन एनएमआरमध्ये शंकाच उरत नाही: अमिडॉक्झिमचा कार्बन १५१ च्या आसपास, अमाइडचा १६८. आणि हे सगळं डीएमएसओमध्येच करा. क्लोरोफॉर्ममध्ये हायड्रॉक्सिलचा सिग्नल इतका पसरतो की नसल्यासारखाच.

अमाइड येतं कुठून? हायड्रॉक्सिलअमाइनला दोन टोकं आहेत. नायट्रोजनच्या बाजूने हल्ला झाला की अमिडॉक्झिम. ऑक्सिजनच्या बाजूने झाला की जो मधला रेणू तयार होतो तो दुसऱ्या हायड्रॉक्सिलअमाइनशी भिडून अमाइड देतो. इलेक्ट्रॉन देणारे गट असलेल्या ॲरोमॅटिक नायट्राइलमध्ये हे प्रमाण वाढतं. त्यामुळे ४-मेथॉक्सी किंवा अमिनो गट असलेल्या नायट्राइलवर पहिल्याच दिवशी अमाइडचा प्रमाणित नमुना शेजारी ठेवून टीएलसी घ्या.

कुठे अडतं

सहा तासांनंतरही नायट्राइल शिल्लक असेल तर तापमान चढवू नका. बहुधा हायड्रॉक्सिलअमाइनच मोडून संपलेलं असतं. अर्धा इक्विव्हॅलंट (नायट्राइलच्या निम्म्या मोलइतका) क्षार आणि तेवढाच बेस ताजा घाला आणि त्याच तापमानाला आणखी दोन तास द्या. शेजारी मोठा गट असलेलं नायट्राइल, विशेषतः बायफिनाइलच्या ऑर्थो जागेवरचं, इथेनॉलमध्ये हलत नाही. अझिलसार्टनच्या मार्गात हीच अडचण आहे. तिथे डीएमएसओ आणि हायड्रॉक्सिलअमाइनचे बरेच जास्त इक्विव्हॅलंट लागतात, आणि अमाइडची अशुद्धी मुख्य डोकेदुखी होऊन बसते.

रेणूत आल्डिहाइड किंवा कीटोन असेल तर तो नायट्राइलच्या आधी ऑक्झिम होतो. आधी झाकून ठेवा. मिथाइल एस्टर बेसिक वातावरणात हायड्रॉक्झॅमिक ॲसिड बनतो. तिथे बेस मापापेक्षा किंचित कमी ठेवा, तापमान ५० अंशांवर आणा आणि वेळ वाढवा. नायट्राइलच्या ऑर्थो किंवा पॅरा जागी फ्लोरिन असेल आणि कडीवर नायट्रोसारखा आणखी एखादा ओढणारा गट असेल तर हायड्रॉक्सिलअमाइन फ्लोरिनलाच बाहेर ढकलू शकतं. वस्तुमानातून २० गेले का ते पाहा.

आणखी एक गोष्ट सहसा सुटते. नायट्राइल पॅलेडियमच्या सायनेशनने (सायनाइड गट जोडण्याच्या क्रियेने) बनवलं असेल आणि धातू नीट काढला नसेल तर अमिडॉक्झिम त्याला धरून ठेवतं. समुद्राच्या पाण्यातून युरेनियम ओढायला अमिडॉक्झिम जोडलेले पॉलिमर वापरतात, यावरून या गटाची पकड किती चिवट असते ते लक्षात यावं. पांढऱ्याऐवजी पिवळट-तपकिरी घन मिळाला तर पुनःस्फटिकीकरणाआधी धातूचा संशय घ्या. धातू काढायचा तो नायट्राइलच्याच टप्प्यावर.

कडी बंद करणं

१,२,४-ऑक्साडायझोलसाठी दोन टप्पे एका भांड्यात होतात. बेन्झोइक ॲसिड ६११ मिलिग्रॅम (५ मिलिमोल) १० मिली कोरड्या डीएमएफमध्ये घ्या आणि सीडीआय (कार्बोनिलडायइमिडाझोल, ॲसिडला जोडणीसाठी सक्रिय करणारं) ८९२ मिलिग्रॅम (५.५ मिलिमोल) थोडं थोडं टाका. बुडबुडे थांबेपर्यंत, साधारण ४५ मिनिटं, खोलीच्या तापमानाला ढवळा. मग बेन्झामिडॉक्झिम ६८१ मिलिग्रॅम (५ मिलिमोल) घालून आणखी एक तास. आता ॲसिल गट अमिडॉक्झिमच्या ऑक्सिजनवर बसलेला असतो. त्यानंतर १०० ते ११० अंशांवर ३ तास तापवा, पाणी निघतं आणि कडी मिटते. थंड झाल्यावर ५० मिली बर्फाच्या पाण्यात ओता, पडलेला घन गाळा, धुवा.

इथली नेहमीची चूक म्हणजे अर्ध्या वाटेवर थांबणं. न मिटलेला ॲसिल रेणू एलसीएमएसवर २४१ ला, मिटलेली कडी २२३ ला. टीएलसीवर नवा ठिपका आला म्हणून काम संपलं असं समजू नका, वस्तुमानातून पाण्याचे १८ गेलेत का ते बघा. रेणू ११० अंश सोसणारा नसेल तर ॲसिल रेणू वेगळा काढा आणि टेट्राहायड्रोफ्युरानमध्ये १ इक्विव्हॅलंट टीबीएएफ (टेट्राब्युटिलअमोनियम फ्लोराइड) घालून खोलीच्या तापमानाला मिटवा. उष्णतेपेक्षा हा मार्ग बऱ्याचदा स्वच्छ निघतो, फक्त टीबीएएफ धुऊन काढायला पाण्याचे जादा हात द्यावे लागतात.

आणि जर सुरुवातीच्या अमिडॉक्झिममध्ये १० टक्के अमाइड होतं, तर ते इथे न बदलता मागे राहतं आणि उतारा तेवढाच पडतो. कडी नीट बंद होत नाही अशी तक्रार आली की दोष आधी मागच्या बाटलीत शोधावा.

अमिडीनपर्यंत जाणं

नायट्राइलपासून अमिडीन करण्याच्या पिनर मार्गात कोरडा हायड्रोजन क्लोराइड वायू लागतो आणि थोडीशी ओलही चालत नाही. अमिडॉक्झिममार्गे अमिडीन करणं म्हणूनच अनेकांना पटतं. पण अमिडॉक्झिम थेट पॅलेडियमवर हायड्रोजनेट करायला गेलं तर काम रेंगाळतं. आधी नायट्रोजन-ऑक्सिजन बंध कमकुवत करून घ्या: अमिडॉक्झिम ॲसिटिक ॲसिडमध्ये विरघळवा, १.१ इक्विव्हॅलंट ॲसिटिक ॲनहायड्राइड घाला, खोलीच्या तापमानाला १० ते १५ मिनिटं. मग नायट्रोजनखाली १० टक्के पॅलेडियम-कार्बन, वजनाने अमिडॉक्झिमच्या ५ ते १० टक्के, टाका आणि हायड्रोजनचा फुगा लावा. सुका पॅलेडियम-कार्बन मोकळ्या हवेत द्रावकावर टाकला तर पेट घेतो. ओला घ्या, आणि गाळताना चकती कोरडी पडू देऊ नका.

ॲनहायड्राइड घातल्यावर तापवायचं नाही, ताटकळतही ठेवायचं नाही. नाहीतर ॲसिटिल रेणू स्वतःवरच मिटून ५-मिथाइल-१,२,४-ऑक्साडायझोल होतो. अमिडीनचं वस्तुमान अमिडॉक्झिमपेक्षा १६ ने कमी हवं. त्याऐवजी २४ ने वाढलेलं दिसलं तर हेच झालंय.

प्रोड्रग म्हणून तपासताना

प्रोड्रग म्हणजे शरीरात गेल्यावर खरं औषध होणारा रेणू. अमिडॉक्झिम गिळल्यावर त्याचं अमिडीन करतं कोण, हे बरीच वर्षं धूसर होतं. २००६ मध्ये जर्मनीतल्या कील इथल्या बेर्न्ड क्लेमेंट यांच्या गटाने त्यातलं मोलिब्डेनम असलेलं एन्झाइम शोधून काढलं: मायटोकॉन्ड्रियल अमिडॉक्झिम रिड्यूसिंग कंपोनंट, थोडक्यात एमएआरसी. ते मायटोकॉन्ड्रियाच्या बाहेरच्या पडद्यावर बसतं, आणि त्याला इलेक्ट्रॉन मिळतात एनएडीएच या सहघटकाकडून, सायटोक्रोम बी५ आणि त्याच्या रिडक्टेजमार्फत.

हे नाव पाठ असूनही चाचणी चुकीची लावली जाते. नेहमीच्या चयापचय चाचणीत यकृताचा एस९ भाग किंवा मायक्रोसोम आणि सोबत एनएडीपीएच असतं. एस९ बनवताना ९००० जीवर फिरवलं की मायटोकॉन्ड्रिया मोठ्या प्रमाणात तळाशी जातात, म्हणजे हवं ते एन्झाइम बरंचसं टाकून दिलेलं असतं. वर सहघटक एनएडीपीएचचा. अशा नळीत अमिडॉक्झिम तसंच राहिलं तर ‘हा प्रोड्रग उघडत नाही’ असा निष्कर्ष निघतो, आणि चांगला रेणू यादीतून जातो. शिवाय ऑक्सिजन आणि एनएडीपीएचच्या जोरावर सायटोक्रोम पी४५० उलटी दिशा धरतो: अमिडीनवर पुन्हा हायड्रॉक्सिल चढवतो, अमिडॉक्झिमपासून अमाइड करतो.

म्हणून पहिली चाचणी ताज्या किंवा नीट गोठवलेल्या मानवी हेपॅटोसाइटमध्ये (यकृताच्या पेशींत) घ्या. तिथे एन्झाइम आणि दोन्ही सहघटक मूळ जागी असतात. उपपेशीय भाग वापरायचाच असेल तर मायटोकॉन्ड्रिया असलेला घ्या, १ मिलिमोलर एनएडीएच द्या, आणि ७.४ सोबत पीएच ६ च्या आसपासही एक मालिका लावा, कारण हे क्षपण किंचित आम्लधर्मी माध्यमात जोरात चालतं. अमिडॉक्झिमचं घटणं एवढंच मोजू नका, अमिडीनचं वाढणंही मोजा. दोन्हींची बेरीज जुळली नाही तर बाकीचं अमाइडमध्ये शोधा. मास स्पेक्ट्रोमीटरच्या आयन स्रोतातही अमिडॉक्झिम मोडतं, त्यामुळे अमिडीन कॉलमवर वेगळ्या वेळी बाहेर पडतंय याची खात्री हवी. नमुने ॲसिटोनायट्राइलने थांबवा, आम्लात साठवू नका.

रक्ताच्या गुठळ्या रोखणाऱ्या मेलागाट्रानचं प्रोड्रग झिमेलागाट्रान हे या कल्पनेचं सर्वांत अभ्यासलेलं उदाहरण. मेलागाट्रानच्या अमिडीनवर हायड्रॉक्सिल आणि ॲसिडवर इथाइल एस्टर चढवल्यावर तोंडावाटे उपलब्धता ३ ते ७ टक्क्यांवरून सुमारे २० टक्क्यांवर गेली. गोळी २००४ मध्ये युरोपात आली आणि यकृताच्या दुष्परिणामांमुळे फेब्रुवारी २००६ मध्ये मागे घेतली गेली. दीर्घकाळ घेणाऱ्या रुग्णांपैकी ७.९ टक्क्यांमध्ये एएलटी हे यकृताचं एन्झाइम सामान्य वरच्या मर्यादेच्या तिपटीपुढे गेलं होतं. पुढे त्याचा संबंध एचएलए-डीआरबी१*०७ या जनुकीय प्रकाराशी दिसला, म्हणजे रोगप्रतिकारशक्तीचा हात असावा. दोष अमिडॉक्झिम गटाचाच होता असं यातून सिद्ध होत नाही. पण त्याच्या नात्यातलं पाफुरामिडीन, जे फुरामिडीनचं बिस-मेथॉक्सी-अमिडॉक्झिम होतं, तेही आफ्रिकन निद्रारोगावरच्या विकासात २००८ मध्ये यकृत आणि मूत्रपिंडाच्या विषारीपणामुळे थांबलं. दीर्घकाळाच्या औषधासाठी हा गट निवडत असाल तर हेपॅटोसाइटमधली विषारकता शेवटी नाही, पहिल्या पाच-दहा रेणूंवरच तपासा.

प्रत्येक वेळी प्रोड्रगच हवा असंही नाही. एपाकाडोस्टॅटमध्ये हायड्रॉक्सीअमिडीन गट स्वतःच आयडीओ१ एन्झाइमच्या हीमशी जोडला जातो आणि औषधाचं काम करतो. तिथे एमएआरसीकडून होणारं क्षपण म्हणजे तोटा, म्हणून तीच चाचणी उलट्या अपेक्षेने लावावी लागते.

राहिली एम्स चाचणी, म्हणजे रेणू जीवाणूंत जनुकबदल घडवतो का ते पाहणारी. काही बेन्झामिडॉक्झिम तिच्यात जनुकबदल घडवणारे ठरले आहेत, त्यामुळे ही चाचणी मालिकेच्या सुरुवातीलाच करा, आणि यकृताच्या एस९सह व त्याविना दोन्ही प्रकारे. एम्सला द्यायच्या नमुन्यात हायड्रॉक्सिलअमाइनचा मागमूस असेल तर उत्तर कुणाचं आलं ते कळणार नाही. नमुना देण्याआधी पुन्हा स्फटिकीकरण करा. अमिडॉक्झिम मधल्या टप्प्यावर असेल आणि अंतिम औषधात उरत असेल तर आयसीएच एम७ (अशा अशुद्धींबद्दलची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिका) लागू होतं: जनुकबदल घडवू शकणाऱ्या अशुद्धीला आयुष्यभराच्या वापरासाठी दिवसाला १.५ मायक्रोग्रॅमची सर्वसाधारण मर्यादा. दिवसाचा डोस १०० मिलिग्रॅम असेल तर हे १५ पीपीएम (दहा लाखांत १५ भाग) होतात. एवढं कमी मोजायला साधं यूव्ही एचपीएलसी पुरत नाही, एलसीएमएसची पद्धत कडी बंद करण्याच्या पायरीसोबतच उभी करायला घ्या.